हवेचा जमाखर्च

संसार नेटका करावयाचा तर घरांत जमाखर्चाची वही असावी लागते, हें सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाहीं. दुकानदाराची रोजकीर्द, तलाठ्याचें दप्तर, शाळेचें हजेरीपत्रक या सर्वांचा हेतु एकच असतो. काय होतें, काय आलें आणि काय गेलें, हें डोळ्यांसमोर राहावें. वही नसेल तर माणूस उधळा आहे कीं काटकसरी, हें त्याचें त्यालाहि उमजत नाहीं. मग शेजाऱ्याला काय उमजणार? परंतु एक वस्तु अशी आहे कीं तिचा हिशेब माणसानें हजारों वर्षें ठेवलाच नाहीं. ती वस्तु म्हणजे हवा. चुलीचा धूर धुराड्यांतून बाहेर गेला कीं आपला त्याच्याशीं संबंध सरला, अशीच सर्वांची समजूत होती. तो धूर जातो कोठें, हवेंत राहतो किती, आणि त्याचें ओझें कोणाच्या नांवावर मांडावयाचें, हे प्रश्न राष्ट्राराष्ट्रांमध्यें विचारले जाऊं लागले ते गेल्या चाळीसएक वर्षांतच.

आज श्रोत्यांचें लक्ष ज्या विषयाकडे वेधावयाचें आहे तो दिसण्यांत रुक्ष आहे. प्रत्येक राष्ट्र आपल्या हद्दींतून हवेंत जाणाऱ्या हरितगृह वायूंचा हिशेब कसा लिहितें, त्यासाठीं संगणकावरील कोणतें सॉफ्टवेअर वापरलें जातें, आणि तें सॉफ्टवेअर नीट चालावें म्हणून तांत्रिक सल्लागार पडद्यामागें काय करीत असतात, असा तो विषय आहे. परंतु रुक्ष वाटणाऱ्या वहींतच पुष्कळदां घराची अब्रू दडलेली असते. या वहीचेंहि तसेंच आहे.

प्रथम हरितगृह वायु म्हणजे काय तें पाहूं. सूर्याच्या प्रकाशानें जमीन तापते व ती उष्णता पुनः आकाशाकडे फेंकूं लागते. हवेंतील कार्बन डायॉक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड इत्यादि वायु या परतणाऱ्या उष्णतेचा कांहीं भाग अडवून धरतात. हे वायु मुळींच नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. म्हणून ते आपले वैरी नव्हेत. परंतु थंडींत एक घोंगडी सुखाची वाटते म्हणून कोणी अंगावर चार घोंगड्या घेत नाहीं. कोळसा, तेल व वायु जाळून आणि रानें तोडून माणसानें पृथ्वीच्या अंगावरील हें पांघरूण जाड करीत नेलें आहे. तें कोणी किती जाड केलें, याचा हिशेब म्हणजेच राष्ट्रीय हरितगृह वायु सूचि होय.

हा हिशेब लिहिण्याचें बंधन राष्ट्रांनीं आपण होऊन स्वीकारलें. १९८८ सालीं जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम या दोन संस्थांनीं मिळून हवामान बदलाचा अभ्यास करणारें एक आंतरसरकारी मंडळ स्थापन केलें. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयपीसीसी असें म्हणतात. १९९२ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें हवामान बदलाविषयींचा आंतरराष्ट्रीय करार मान्य झाला, जूनमध्यें रिओ द जानेरो येथें तो सह्यांसाठीं मांडण्यांत आला, आणि २१ मार्च १९९४ पासून तो अमलांत आला. आपल्या देशांतून किती वायु बाहेर पडतो व वनें आणि जमीन त्यांपैकीं किती शोषून घेतात, याची सूचि करून ती प्रसिद्ध करण्याचें कर्तव्य या करारानें सर्व सभासद राष्ट्रांवर सोंपविलें.

आतां दहा घरांनीं दहा तऱ्हांनीं हिशेब लिहिले तर त्यांची तुलना व्हावी कशी? म्हणून आयपीसीसीनें हिशेबाच्या मार्गदर्शिका तयार केल्या. १९९६ ची सुधारित मार्गदर्शिका, त्यानंतर २००६ ची पांच खंडांची मार्गदर्शिका, आणि २०१९ सालीं तिच्यावर केलेले संस्कार, असा हा क्रम आहे. हें काम पाहण्यासाठीं १९९८ मध्यें एक स्वतंत्र कृतिदल नेमण्यांत आलें. त्याचें तांत्रिक साहाय्य केंद्र १९९९ पासून जपानांत, टोकियोच्या दक्षिणेस समुद्रकांठीं असलेल्या हायामा या गांवीं, तेथील एका संशोधन संस्थेच्या आश्रयानें व जपान सरकारच्या द्रव्यसाहाय्यानें चाललें आहे. मोठमोठ्या परिषदांचा गाजावाजा वृत्तपत्रांतून आपण वाचतों. परंतु त्या परिषदांत ज्या आंकड्यांवर वाद चालतात ते आंकडे कसे काढावेत, याची शिकवण या लहानशा गांवांतून जगभर जाते.

हिशेबाचें मूळ सूत्र चौथींतल्या मुलालाहि कळेल इतकें सोपें आहे. काम किती झालें तें मोजावें, एका कामामागें वायु किती सुटतो तें पाहावें, आणि दोहोंचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, एक टन डिझेल जाळलें तर त्यांतून ४३ गिगाज्यूल उष्णता मिळते असें मार्गदर्शिका धरते; आणि दर गिगाज्यूलमागें ७४.१ किलो कार्बन डायॉक्साइड सुटतो. गुणाकार केला म्हणजे ३,१८६ किलो येतात. एक टन तेलांतून तीन टनांहून अधिक वायु कसा निघतो, असें कोणी आश्चर्यानें विचारील. तेलांतील कार्बन जळतांना हवेंतील प्राणवायु आपल्याशीं जोडून घेतो, आणि त्या प्राणवायूचें वजनहि त्यांत मिळतें, हें त्याचें उत्तर.

तेलाच्या बाबतींत काम सोपें, कारण डिझेल नागपुरांत जळलें काय आणि नैरोबींत जळलें काय, फरक फारसा पडत नाहीं. गुरांची आणि शेतीची गोष्ट तशी नव्हे. रवंथ करणारीं जनावरें पोटांतून मिथेन सोडतात. २००६ च्या मार्गदर्शिकेंत एका म्हशीमागें वर्षाला ५५ किलो मिथेन असा सर्वसाधारण आंकडा दिला आहे. भारतीय उपखंडांतील दुभत्या गाईसाठीं ५८ किलो. परंतु भारतीय शास्त्रज्ञांनीं आपल्याकडील जनावरांचा आहार व वजन पाहून जेव्हां स्वतः अभ्यास केला, तेव्हां देशी दुभत्या गाईसाठीं सुमारें २८ किलो व संकरित गाईसाठीं सुमारें ४३ किलो असे आंकडे मिळाले. गाय तीच, गोठाहि तोच. पण पुस्तकांतला आंकडा उचलला तर हिशेब दुप्पट होतो.

म्हणूनच मार्गदर्शिकेनें हिशेबाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर छापील, सर्वसाधारण आंकडे वापरावयाचे; दुसऱ्या पायरीवर आपल्या देशांत मोजलेले; आणि तिसऱ्या पायरीवर सूक्ष्म मोजमापें किंवा शास्त्रीय प्रतिमानें. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्यानेंहि पहिल्या पायरीवर उभें राहावें, पण जी बाब मोठी आहे तिच्यासाठीं वर चढण्याचा यत्न करावा, असा तिचा दंडक आहे. मोठ्या बाबी ओळखण्याचीहि रीत ठरलेली आहे. सर्व बाबी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनें मांडावयाच्या व ज्यांची बेरीज एकूण आंकड्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत जाते त्यांना प्रमुख म्हणावयाचें.

वरची पायरी चढणें कां अगत्याचें आहे, हें भारताला एका प्रसंगानें चांगलें उमगलें. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण विभागाकडून एक अंदाज पुढें आला कीं, भारतांतील भातखाचरांतून दरवर्षीं सुमारें ३ कोटी ७८ लाख टन मिथेन बाहेर पडतो. परदेशांतील शेतांवर झालेल्या थोड्या मोजणीवरून तो काढलेला होता. अंदाज खरा मानला असता तर जगाच्या तापण्याचा मोठा दोष भात पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्याच्या माथीं बसला असता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंतील डॉ. मित्र यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय शास्त्रज्ञांनीं १९९१ मध्यें निरनिराळ्या प्रांतांतील खाचरांवर प्रत्यक्ष मोजणी केली. उत्तर आलें सुमारें ४० लाख टन. नऊदशांश दोष नुसत्या मोजणीनें नाहींसा झाला!

हा फरक पडला कसा, हें एका खाचराच्या हिशेबानें समजेल. सतत पाणी तुंबलेल्या एक हेक्टर खाचरांतून दिवसाला १.३० किलो मिथेन सुटतो, असें २००६ ची मार्गदर्शिका सांगते. पीक १२० दिवसांचें धरलें तर १५६ किलो होतात. परंतु कोंकणांतील खाचर बहुधा पावसाच्या पाण्यावर अवलंबून असतें. अशा शेतासाठीं मार्गदर्शिकेंतील गुणक ०.२८ आहे, म्हणजे १५६ चे झाले ४४. शिवाय तेथें एकच पीक घेतल्यास पेरणीपूर्वीं जमीन सहा महिन्यांहून अधिक काळ कोरडी पडलेली असते. त्यासाठीं आणखी ०.६८ नें गुणावयाचें. झाले सुमारें ३० किलो. शेत तेंच असून केवळ पाण्याची रीत ठाऊक नसली तर १५६ आणि ठाऊक असली तर ३०. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन जें पाहिलें पाहिजे तें टेबलावर बसून धरून चालण्याचा हा परिणाम होय.

आतां अशा बाबी किती असतात याची कल्पना करावी. ऊर्जा, उद्योगधंदे, शेती व वनें, आणि कचरा व सांडपाणी असे चार मुख्य विभाग. प्रत्येकाच्या शाखा व उपशाखा. प्रत्येक उपशाखेंत निरनिराळीं इंधनें वा जनावरें वा जमिनी. आणि हें सर्व एका वर्षाचें नव्हे, तर वर्षानुवर्षांचें. पुढारलेल्या राष्ट्रांना तर १९९० पासूनची ओळ द्यावी लागते. कागदावर किंवा साध्या संगणकीय कोष्टकांवर हें काम करतां येतें, नाहीं असें नाहीं. पण एका कोष्टकांतला आंकडा सुधारला आणि दुसऱ्यांतला राहून गेला म्हणजे बेरीज बिघडते, आणि चूक कोठें आहे तें शोधण्यांत आठवडे जातात.

त्यांत आणखी एक अडचण आहे. मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांची उष्णता अडविण्याची शक्ति कार्बन डायॉक्साइडहून पुष्कळ अधिक असल्यामुळें बेरजेपूर्वीं त्यांना एका मापांत आणावें लागतें. जसें रुपये, आणे व पै यांची बेरीज करतांना पूर्वीं सर्वांच्या पै कराव्या लागत. एक टन मिथेन म्हणजे किती टन कार्बन डायॉक्साइड? शंभर वर्षांच्या काळासाठीं आयपीसीसीच्या दुसऱ्या अहवालानें २१ सांगितले, चवथ्यानें २५, आणि पांचव्यानें २८. शास्त्राची माहिती वाढली तसा गुणक बदलला. तो बदलला म्हणजे केवळ चालू वर्षाचा नव्हे, तर मागील सर्व वर्षांचा हिशेब पुन्हा मांडावयास हवा. नाहीं तर गोठ्यांत एकहि म्हैस न वाढतां देशाचा मिथेन वाढल्यासारखा दिसेल.

ही दगदग कमी व्हावी म्हणून आयपीसीसीनें २००६ च्या मार्गदर्शिकेवर आधारलेलें एक सॉफ्टवेअर तयार करविलें. तें सर्वांस मोफत मिळतें. साध्या संगणकावर, इंटरनेटचा सतत संबंध नसतांनाहि, तें चालतें. आणि ज्या देशांत वीज व तार यांचा भरंवसा नाहीं त्यांना ही सोय किती मोलाची आहे, हें खेड्यांतील श्रोत्यांना सांगावयास नको. त्यांत मार्गदर्शिकेंतील कोष्टकें मांडलेलीं असतात. अधिकाऱ्यानें आपल्या देशाचे आंकडे भरावयाचे. छापील गुणक हवा तर तो निवडावयाचा, स्वतःचा असेल तर तो घालावयाचा. गुणाकार, बेरजा, प्रमुख बाबींची निवड आणि अनिश्चिततेचा हिशेब हें सर्व संगणक करतो. ऊर्जा पाहणारा, शेती पाहणारा व कचरा पाहणारा अशा निरनिराळ्या माणसांना आपापल्या भागाचें काम करून शेवटीं तें एकत्र आणतां येतें.

येथपर्यंत ऐकून कोणास वाटेल कीं, सॉफ्टवेअर एकदां तयार झालें म्हणजे तज्ज्ञांचें काम संपलें. वस्तुतः तेथूनच तांत्रिक सल्लागारांचें काम सुरू होतें. मार्गदर्शिकेंतील शब्द हे मनुष्यासाठीं लिहिलेले असतात. यंत्राला मोघम शब्द चालत नाहींत. एखाद्या सूत्रांत अपवाद सांगितला असेल तर तो कोणत्या घरांत, कोणत्या क्रमानें लागू करावयाचा, हें सल्लागारानें ठरवून द्यावें लागतें. मग उत्तर ठाऊक असलेलीं उदाहरणें घालून यंत्राचें उत्तर जुळतें कीं नाहीं तें पाहावयाचें. न जुळलें तर दोष सूत्राच्या मांडणींत आहे कीं आज्ञावलींत आहे, याचा छडा लावावयाचा. नवी आवृत्ति निघाली म्हणजे जुन्या आवृत्तींत भरलेले आंकडे तिच्यांत सुखरूप उतरले पाहिजेत. एखाद्या राष्ट्राची दहा वर्षांची मेहनत नव्या आवृत्तीच्या आगमनानें वाहून जावी, हें कोणासहि परवडणारें नाहीं.

याशिवाय वापरणाऱ्यांच्या शंका असतात. समजा, एखाद्या लहान बेटांच्या देशांतील अधिकारी विचारतो कीं, आमच्या देशाचा आंकडा शेजारच्या देशाच्या हजारपट कां येतो? सल्लागारानें त्याला हंसूं नये. त्यानें शोध करावा. बहुधा असें आढळतें कीं, आंकडे गिगाग्रॅममध्यें, म्हणजे हजार टनांच्या मापांत, भरावयाचे होते आणि ते टनांत भरले गेले. कोठें घनफळ व वजन यांची गल्लत होते. कोठें आर्थिक वर्ष व पंचांगांतलें वर्ष एकमेकांत मिसळतात. आपल्याकडील सरकारी आंकडे एप्रिल ते मार्च असे असतात, आणि मार्गदर्शिकेला जानेवारी ते डिसेंबर असें वर्ष अधिक पसंत आहे. चूक क्षुल्लक, पण परिणाम राष्ट्राच्या नांवावर.

कांहीं चुका मापाच्या नसून विचाराच्या असतात. लांकूड जाळल्यानें सुटणारा कार्बन डायॉक्साइड ऊर्जा विभागाच्या बेरजेंत धरावयाचा नसतो, कारण झाड तोडलें गेलें तेव्हां तो जमीन व वनें यांच्या खात्यांत आलेला असतो. दोन्हीकडे धरला तर एकच रुपया दोनदां खर्चीं पडला. तसेंच मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाचें इंधन भारताच्या बेरजेंत येतें. परंतु मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाचें इंधन केवळ टीपेदाखल निराळें दाखवावयाचें असतें. हे नियम सॉफ्टवेअर आपल्या रचनेंत पाळतें. पण विमानतळावरील तेलाची विक्री यांपैकीं कोणत्या खात्यांतली आहे, हें त्याला कोणी तरी शहाण्या माणसानें सांगावें लागतें.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे, आणि तो शाळेंतल्या मुलांनींहि मनांत धरण्यासारखा आहे. एखाद्या घरांत आंकडा नसेल तर तेथें शून्य लिहावें काय? मार्गदर्शिका म्हणते, नाहीं. जो धंदा देशांत मुळींच नाहीं त्याच्यासमोर तसें लिहावें. जो आहे पण ज्याचा अंदाज केलेला नाहीं त्याच्यासमोर ‘अंदाज केला नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. ज्याचा आंकडा दुसऱ्या खात्यांत मिळविला आहे त्याच्यासमोर तेंहि सांगावें. या खुणांना ठराविक इंग्रजी अक्षरें आहेत. अज्ञानाला शून्य म्हणणें हें असत्य आहे. अज्ञानाला अज्ञान म्हणणें हा प्रामाणिकपणा आहे, आणि हिशेबाच्या वहींत त्यालाहि एक घर राखून ठेवलेलें आहे. अनिश्चिततेचेंहि तसेंच. जनावरांची संख्या ५ टक्क्यांनीं व दर जनावरामागील वायूचा आंकडा ३० टक्क्यांनीं मागेंपुढें होऊं शकत असेल तर दोहोंचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्यावी व वर्गमूळ काढावें. उत्तर सुमारें ३० टक्के येतें. म्हणजे गुरें पुन्हा मोजण्यांत श्रम घालविण्यापेक्षां दुसरा आंकडा सुधारावा, असा उपदेश ती अनिश्चितताच करते.

२०१५ च्या डिसेंबरमध्यें पॅरिस येथें नवा करार झाला व ४ नोव्हेंबर २०१६ पासून तो अमलांत आला. तेव्हांपासून या वहीचें महत्त्व फार वाढलें. कोणत्या राष्ट्रानें किती कपात करावी, हें या करारांत बाहेरून लादलेलें नाहीं. ज्यानें त्यानें आपलें वचन आपण द्यावें, असें ठरलें. मग वचन पाळलें कीं नाहीं हें कळावें कशानें? केवळ हिशेबानें. म्हणून कराराच्या १३ व्या कलमांत पारदर्शकतेची तजवीज केली. २०१८ मध्यें पोलंडांतील कातोवित्से येथें २००६ ची मार्गदर्शिका सर्वांनीं वापरावी असा नियम झाला, आणि २०२१ मध्यें ग्लासगो येथें सर्वांसाठीं समान कोष्टकें ठरलीं. दर दोन वर्षांनीं अहवाल द्यावयाचा. पहिल्याची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. दुर्बळ राष्ट्रांना कांहीं सवलती ठेवल्या आहेत, पण वही सर्वांनाच ठेवावयाची आहे.

या ठरावांतून सल्लागारांपुढें एक नवें काम उभें राहिलें. आयपीसीसीच्या सॉफ्टवेअरमध्यें शेती, वनें व जमीन हा एकच विभाग आहे. कराराच्या कोष्टकांत शेती निराळी व जमीन आणि वनें निराळीं. अर्थात् एकीकडचे चार विभाग दुसरीकडे पांच होतात. एका वहींतील प्रत्येक घर दुसऱ्या वहींतील कोणत्या घराशीं जोडावयाचें, याची यादी घराघरानें तपासून दोन्ही यंत्रांमध्यें देवघेव होईल अशी व्यवस्था करावी लागली. बाहेरून पाहणाऱ्याला एक कळ दाबून फाइल जातांना दिसते. त्या एका कळीमागें किती लोकांची किती दिवसांची चिकाटी असते, हें छापखान्यांत मुद्रितें तपासणाऱ्या माणसालाच उमजेल.

परंतु या सर्व कामांत एक धोका आहे, आणि तो सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. पुष्कळ गरीब देशांत हा हिशेब पाहण्यास दोनतीनच माणसें असतात, आणि त्यांच्याकडे दुसरीं दहा कामें असतात. अशा वेळीं बाहेरचा सल्लागार बोलवावा, त्यानें कांहीं महिन्यांत कोष्टकें भरून द्यावींत, अहवाल तारखेला रवाना व्हावा, आणि सल्लागार आपल्या देशीं परत जावा, असा सोपा मार्ग दिसतो. अहवाल सुंदर होतो. पुढच्या वेळीं मात्र तो आंकडा कोठून आला होता, तो गुणक कां निवडला होता, हें सांगणारा त्या देशांत कोणी उरत नाहीं. वही आहे, पण ती वाचतां येणारा नाहीं. मग पुन्हा नवा सल्लागार, पुन्हा नवी सुरुवात, आणि दोन अहवालांतील आंकडे एकमेकांशीं बोलत नाहींत. धड्याचें उत्तर मास्तरांनींच फळ्यावर लिहून द्यावें आणि मुलानें तें उतरून घ्यावें, त्यांतला हा प्रकार. परीक्षेच्या दिवशीं त्याचा काय उपयोग?

यास्तव चांगला सल्लागार कोष्टक भरीत नाहीं; तो भरावयास शिकवितो. तो अधिकाऱ्याला प्रत्येक आंकड्यापुढें त्याचें मूळ लिहून ठेवावयास लावतो. सॉफ्टवेअरमध्यें शेरा लिहिण्याची जी जागा असते ती रिकामी राहूं देत नाहीं. पशुगणना करणाऱ्या खात्याशीं, तेल विकणाऱ्या कंपन्यांशीं व वनखात्याशीं त्या अधिकाऱ्याची गांठ घालून देतो, कारण सल्लागार गेला तरी हीं खातीं तेथेंच राहणार असतात. आणि यंत्रानें दिलेलें उत्तर खरें मानण्यापूर्वीं बोटांवर एकदां अंदाज करून पाहण्याची संवय लावतो. यंत्र चुकीच्या आंकड्यांचाहि गुणाकार अचूकच करतें, हें त्यानें विसरूं देऊं नये.

भारताची वही आतां बरीच भरलेली आहे. पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ मध्यें गेला. त्यांत १९९४ चा हिशेब होता. चवथा द्वैवार्षिक अद्ययावत् अहवाल ३० डिसेंबर २०२४ रोजीं सादर झाला. त्यांत २०२० सालचा हिशेब आहे. जमीन व वनें सोडून त्या वर्षीं भारतांतून २९५ कोटी ९० लाख टन कार्बन डायॉक्साइडइतके वायु बाहेर पडले. वनांनीं व जमिनीनें शोषलेला भाग वजा जातां २४३ कोटी ७० लाख टन उरतात. आदल्या वर्षाहून हा आंकडा ७.९३ टक्क्यांनीं कमी आहे; पण तें साल महामारीचें होतें, हें ध्यानांत ठेवूनच त्याचा अर्थ लावावा. एकूण वायूंपैकीं ऊर्जेचा वांटा ७५.६६ टक्के, शेतीचा १३.७२, उद्योगांचा ८.०६ आणि कचऱ्याचा २.५६. हे आंकडे कोणा एका कचेरींत बसून काढलेले नाहींत. देशांतील अनेक संस्थांनीं आपापला भाग या कामांत उचलला आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें कचरा व सांडपाणी यांच्या हिशेबाचें काम केलेलें आहे, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय.

आणि या सर्व बेरजेच्या अगदीं तळाशीं कोण आहे? पशुगणनेच्या वेळीं गोठ्यांत डोकावून म्हशी मोजणारा माणूस, पीकपाहणीला बांधावर जाणारा तलाठी, नगरपालिकेच्या कांट्यावर कचऱ्याच्या गाड्यांचें वजन लिहून ठेवणारा कारकून. त्यानें घाईघाईनें गेल्या वर्षीचा आंकडा उतरून काढला तर हायामाच्या तज्ज्ञांना तो दुरुस्त करतां येणार नाहीं, आणि कोणत्याहि सॉफ्टवेअरला त्याची चूक दिसणार नाहीं. त्यानें चिखल तुडवून खरा आंकडा लिहिला तर त्याच्या देशाला जगाच्या सभेंत ताठ मानेनें बोलतां येईल. भातखाचरांच्या प्रसंगीं हेंच घडलें. कोणी तरी खाचरांत उतरला, आणि मोजलें.

श्रोत्यांपैकीं कोणाच्या दारांत उद्यां असा माणूस वही घेऊन उभा राहिला, तर त्याला कंटाळून परत लावूं नये. गुरें किती, सरपण किती, पंपाला डिझेल किती, तें खरें खरें सांगावें. त्या उत्तरावर पुढें पुष्कळ गुणाकार व्हावयाचे आहेत.